हवेच्या स्प्रिंगा आणि वाहनाची उंची

पोलादी पाट्यांवर उभी असलेली बस रिकामी असताना तिच्या पायरीची जमिनीपासूनची उंची मोजावी आणि ती उतारूंनी भरल्यावर तेच माप पुन्हा घ्यावे. दुसरे माप पहिल्याहून कमी भरते. ओझे वाढले की पाटे दबतात आणि बस खाली बसते. ओझे उतरले की ती पुन्हा वर येते. हवेच्या स्प्रिंगांवरील बसची गोष्ट निराळी आहे. उतारू चढत असताना तीही क्षणभर दबते. परंतु थोड्याच वेळात स्प्रिंगांमध्ये अधिक हवा भरली जाऊन पायरी पूर्वीच्या पातळीवर येते. मेट्रो रेल्वेच्या डब्याची जमीन गर्दी असो वा नसो फलाटाच्या पातळीला राहते, ती याच योजनेमुळे.

मात्र ‘पूर्वीची पातळी’ कोणती हे यंत्राला कोणी तरी आधी सांगून ठेवावे लागते. हे सांगण्याच्या क्रियेला मापनिश्चिती म्हणता येईल. कारखान्यांतून तिला ‘कॅलिब्रेशन’ हा शब्द रूढ आहे. ही क्रिया वरवर पाहता सोपी असली, तरी तिच्यातील लहानशा चुकीचे परिणाम गाडीच्या चालीवर, दिव्यांच्या झोतावर आणि प्रसंगी मनुष्याच्या जिवावर होऊ शकतात. म्हणून तिच्यामागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

हवेची स्प्रिंग

धाग्यांनी बळकट केलेल्या रबराची पिशवी, तिच्या वरच्या तोंडाशी चेसिसला जोडलेली तबकडी आणि खालच्या तोंडाशी आसाला जोडलेला नळकांड्याच्या आकाराचा दट्ट्या, एवढे या स्प्रिंगेचे मुख्य भाग. पिशवीत दाबाखालील हवा भरलेली असते आणि गाडीचे ओझे ती हवा तोलून धरते. बंदिस्त हवा दाबली असता तिचा दाब वाढतो, हा नियम रॉबर्ट बॉईल यांनी १६६२ साली मांडला होता. त्याचाच हा उपयोग आहे. १९०१ साली अमेरिकेत विल्यम हंफ्रीज यांना वाहनांच्या हवेच्या स्प्रिंगेचे पेटंट मिळाले. पण या कल्पनेचा मोठ्या प्रमाणावर वापर होण्यास अर्धे शतक जावे लागले. जनरल मोटर्स कंपनीने १९५३ साली आपल्या बसगाड्यांवर हवेच्या स्प्रिंगा बसवल्या. १९५७ च्या ‘कॅडिलॅक एल्डोराडो ब्रॉम’ या मोटारीच्या चारही चाकांना तशा स्प्रिंगा होत्या. परंतु हवा गळण्याचा त्रास होऊ लागल्याने पुढे अनेक मालकांनी त्या काढून वेटोळ्याच्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. हवेवर गाडी तोलणे त्या मानाने सोपे, पण ती एकाच उंचीवर टिकवून ठेवणे कठीण, हा धडा या अनुभवातून मिळाला.

आता एका उदाहरणाने उंचीचे महत्त्व पाहू. समजा, एका स्प्रिंगेवर २,००० किलोग्रॅम ओझे आहे, ओझे पेलणाऱ्या हवेचे परिणामी क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर आहे आणि पिशवीतील हवेचे घनफळ १२ लिटर आहे. मग दाबमापकावर दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब दिसेल. ओझे निम्मे केले आणि उंची तीच ठेवली, तर दाब २.५ किलोग्रॅमवर येईल. स्प्रिंगेवरील वस्तू दर सेकंदाला किती हेलकावे खाते, या संख्येस कंप्रता म्हणतात. वरील स्प्रिंगेची कंप्रता, दबताना हवा तापते हेही जमेस धरून, पूर्ण ओझ्याला सुमारे १.१४ आणि निम्म्या ओझ्याला सुमारे १.२३ येते. म्हणजे ओझे निम्मे होऊनही गाडीची चाल जवळजवळ तीच राहते. पूर्ण ओझ्याला हीच कंप्रता असलेली पोलादी स्प्रिंग घेतली, तर निम्म्या ओझ्याला तिची कंप्रता १.६१ पर्यंत चढते आणि उतारूंना हादरे जाणवू लागतात.

हा लाभ उंची कायम राहील तोवरच मिळतो. पूर्ण ओझ्याखालील हीच गाडी जर ५० मिलिमीटर खाली बसली, तर पिशवीतील हवेचे घनफळ १२ लिटरांवरून १० लिटरांवर येते, कंप्रता १.२५ होते, आणि खड्ड्यात चाक वर उसळण्यासाठी ठेवलेली जागाही ५० मिलिमीटरने कमी होते.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एकाच उंचीवर दाब ५ असू शकतो आणि २.५ ही असू शकतो. दाब हे ओझ्याचे माप आहे, उंचीचे नव्हे. म्हणून दाबमापकाकडे पाहून गाडीची उंची ठरवता येत नाही. ती फीत लावून मोजावीच लागते.

उंची राखणारी योजना

बस व मालमोटारी यांवर बहुधा उंची राखणारी झडप असते. झडपेचे अंग चेसिसला बसवलेले असते. तिच्यातून निघालेली तरफ एका उभ्या दांडीने आसाला जोडलेली असते. ओझे वाढून चेसिस खाली आली की दांडी तरफ वर ढकलते, झडप उघडते आणि टाकीतील हवा स्प्रिंगेत शिरते. चेसिस प्रमाणाबाहेर वर गेली की तरफ खाली ओढली जाते आणि हवा बाहेर सोडली जाते. या दोहोंच्या मध्ये एक तटस्थ स्थिती असते. तीत हवा आतही येत नाही आणि बाहेरही जात नाही.

ही तटस्थ स्थिती एखाद्या बिंदूइतकी अरुंद नसते. ती तशी असती, तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यासरशी झडप उघडझाप करत राहिली असती आणि हवा फुकट गेली असती. समजा, तरफेची लांबी २०० मिलिमीटर आहे आणि मध्यापासून दोन्ही बाजूंस दोन-दोन अंशांपर्यंत झडप स्वस्थ राहते. मग चेसिस सुमारे ७ मिलिमीटर वर किंवा खाली गेली तरी झडप काहीच करणार नाही. मापनिश्चितीच्या वेळी हा पट्टा विसरून चालत नाही.

अलीकडच्या मोटारींत झडपेच्या तरफेऐवजी विद्युत्-संवेदक असतो. त्याचा हात वळला की त्यातून निघणारा विद्युत्-दाब बदलतो, आणि तो पाहून नियंत्रक हवा सोडण्याचा किंवा भरण्याचा हुकूम देतो. साधन बदलले तरी तत्त्व तेच आहे. तरफेला किंवा संवेदकाला उंची म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्यांना केवळ एक कोन कळतो. अमुक कोन म्हणजे अमुक उंची, हे नाते माणसाने फितीने मोजून जुळवून द्यायचे असते.

हे नाते चुकले तर काय होते पाहा. समजा, एका मोटारीत ४०० मिलिमीटर उंचीला संवेदकातून २.५० व्होल्ट मिळत आणि दर १० मिलिमीटर उंचीमागे विद्युत्-दाबात ०.१० व्होल्ट वाढ होई. जुना संवेदक निकामी झाल्याने नवा बसवला. तो किंचित वेगळ्या कोनात बसला आणि ४०० मिलिमीटरलाच २.६० व्होल्ट देऊ लागला. नियंत्रकाला वाटते की गाडी ४१० मिलिमीटरवर आहे. तो २.५० व्होल्ट मिळेपर्यंत हवा सोडतो आणि गाडी प्रत्यक्षात ३९० मिलिमीटरवर आणून ठेवतो. तपासणीच्या यंत्रावर आकडा मात्र ४०० असाच दिसतो. यंत्राने काहीही चुकवलेले नाही. त्याला सांगितलेले त्याने तंतोतंत पाळले आहे. म्हणून संवेदक, नियंत्रक किंवा जोडदांडी यांपैकी काहीही बदलले की मापनिश्चिती नव्याने करावी लागते, आणि तिचा निवाडा पडद्यावरील आकड्याने नव्हे तर फितीने करावा लागतो.

माप कोठून घ्यावे

जमिनीपासून गाडीच्या कडेपर्यंतचे माप घेणे सर्वांत सोपे वाटते, पण त्यात टायरचीही उंची मिसळलेली असते. टायर ८ मिलिमीटर झिजले असेल तर तेवढे माप कमी भरते. त्यात हवा कमी असेल तर आणखी कमी भरते. असे माप प्रमाण मानून गाडी वर उचलली, तर टायरचा दोष स्प्रिंगेच्या माथी मारल्यासारखे होते.

यासाठी मोटारीत चाकाच्या मध्यापासून त्याच्या वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजतात. बस आणि मालमोटार यांत आस आणि चेसिस यांवरील ठरावीक जागांमधील अंतर घेतात. या दोन्ही रीतींत टायर हिशेबातून वगळले जाते. मोजण्याच्या जागा आणि प्रमाण-माप निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेले असते. ते प्रत्येक नमुन्यासाठी वेगळे असते आणि एका गाडीचे माप दुसरीला लावता येत नाही. मोटारीची कमान ठोकरीने वाकलेली असेल किंवा पत्रा बदललेला असेल, तर तेथील माप विश्वासार्ह राहत नाही, हेही पाहून घ्यावे.

पूर्वतयारी आणि सुरक्षितता

मापनिश्चितीला हात घालण्यापूर्वी एक नियम मनावर ठसवून घेतला पाहिजे : केवळ हवेने तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. नळी निखळली, पिशवी फाटली किंवा दुसऱ्या कोणी चुकून तरफ हलवली, तर चेसिस कसलीही सूचना न देता खाली येते. चेसिस आणि आस यांमधील, तसेच टायर आणि चिखलरोधक यांमधील मोकळी जागा क्षणात मिटते. त्या जागेत हात किंवा डोके असेल तर ते मागे घेण्यास अवसर मिळत नाही. झडपेपर्यंत पोचण्यासाठी खाली जावेच लागत असेल, तर गाडी खड्ड्यावर किंवा पोलादी रॅम्पवर घ्यावी आणि चेसिसखाली ओझे पेलतील असे पक्के घोडे उभे करावेत. गाडीला लावलेला जॅक म्हणजे आधार नव्हे.

चेसिसखाली जॅक लावून मोटार उचलताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. चाके खाली लोंबू लागली की नियंत्रकाला गाडी फार उंच गेल्याचा भास होतो आणि तो स्प्रिंगांतील हवा सोडून देतो. मग जॅक काढताच गाडी रिकाम्या पिशव्यांवर बसते आणि रबराच्या घड्या चिमटण्याचा संभव असतो. म्हणून अशा कामासाठी दिलेल्या बटणाने स्वयंनियंत्रण आधी बंद करावे.

यानंतरची तयारी पुढीलप्रमाणे करावी. गाडी सपाट व समतल जमिनीवर उभी करावी. टायरांतील हवा योग्य आहे याची खात्री करावी. पुस्तिकेत जे ओझे गृहीत धरले असेल, बहुधा रिकामी गाडी, तेवढेच ठेवावे. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि मग हाताचा ब्रेक सोडावा. कारण गाडी वर-खाली होताना चाके किंचित पुढे-मागे सरकतात आणि ब्रेक लावलेला असला तर स्प्रिंगांना खोटा ताण बसतो. हवेची टाकी पूर्ण दाबाने भरेपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

प्रत्यक्ष कृती

बसच्या बाबतीत प्रथम झडपेची जोडदांडी सोडवावी. तरफ हाताने वर-खाली करून गाडी प्रमाण-उंचीवर आणावी आणि तरफ तटस्थ स्थितीत सोडावी. कित्येक झडपांवर ही स्थिती पक्की करण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते; त्यात योग्य जाडीची खीळ घातली की तरफ मध्यावर अडकून राहते. आता जोडदांडीची लांबी कमी-अधिक करून ती तरफेला जरासुद्धा न हलवता जागेवर बसेल अशी करावी, तिची नटे आवळावीत आणि खीळ काढून घ्यावी. ती आत विसरली तर झडप काम करणार नाही, किंवा पहिल्याच धक्क्याला मोडेल.

त्यानंतर पडताळा घ्यावा. गाडी एकदा मुद्दाम वर नेऊन आपोआप खाली येऊ द्यावी आणि माप घ्यावे. मग ती खाली उतरवून आपोआप वर येऊ द्यावी आणि पुन्हा माप घ्यावे. झडपेच्या स्वस्थ पट्ट्यामुळे ही दोन मापे अगदी सारखी येत नाहीत. वरून येताना ३०६ आणि खालून येताना २९४ मिलिमीटर आले, तर मध्य ३०० धरावा. एकाच बाजूने घेतलेल्या मापावर विसंबणारा कारागीर सहा मिलिमीटरांनी फसतो.

बसला चार टोके असली तरी झडपा बहुधा तीनच असतात, एका आसावर एक आणि दुसऱ्यावर दोन. यामागे भूमितीचे कारण आहे. तीन पायांची घडवंची ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, पण चार पायांच्या टेबलाचा एक पाय थोडा आखूड असला की ते डुगडुगते. कारण तीन बिंदूंनी एक पातळी निश्चित होते आणि चौथा तिच्यात बसेलच असे नसते. एका झडपेने त्या टोकाची सरासरी उंची ठरते आणि दुसऱ्या टोकाच्या दोन झडपांनी गाडीचा डावा-उजवा कल ठरतो. एका टोकाला केलेल्या बदलाचा परिणाम दुसऱ्या टोकावरही होतो. म्हणून तिन्ही मापे एकदा जुळवून थांबू नये, पहिल्यापासून पुन्हा तपासावीत.

चारही चाकांना स्वतंत्र संवेदक असलेल्या मोटारीत याहून अधिक दक्षता हवी. चारही मापे फितीने घेऊन तपासणीच्या यंत्राद्वारे नियंत्रकाला कळवतात आणि नियंत्रक त्या क्षणीच्या कोनांशी त्यांचे नाते जोडतो. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांची, जसे पुढचा डावा आणि मागचा उजवा, मापे चुकून जास्त नोंदली गेली, तर ताठ सांगाडा ती पाळू शकत नाही. अशा वेळी एका कर्णावरील स्प्रिंगांवर अधिक ओझे येते, दुसऱ्यावरील हलक्या पडतात, आणि हवेचा पंप वारंवार सुरू होत राहतो. उंची जवळपास बरोबर दिसत असताना एकाच आसावरील डाव्या-उजव्या स्प्रिंगांच्या दाबांत मोठा फरक आढळला, तर हा दोष ओळखावा. उंची ठरवण्यास दाबमापक कुचकामी असला, तरी येथे तो साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो.

चुकीचे परिणाम

काही मिलिमीटरांची चूक क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. पण एका मोटारीच्या पुढील व मागील आसांमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि मागची बाजू ३० मिलिमीटर खाली बसली आहे असे धरले, तर गाडीचा कल शंभरास एक इतका होतो. दिव्याचा झोतही तेवढाच वर उचलला जातो आणि ५० मीटर अंतरावर तो असावा त्याहून अर्धा मीटर उंच पडतो. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपण्यास एवढे पुरे आहे. कित्येक गाड्यांत दिव्यांचा कल सावरणारी स्वयंचलित योजना असते. पण ती याच संवेदकांवर अवलंबून असल्यास तीही फसते. अपघात टाळण्यासाठी गाडीवर बसवलेले कॅमेरे आणि रडार यांचा नेमही कलाबरोबर बदलतो.

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात आणि टायर एका कडेने झिजू लागतात. बस व मालमोटारी यांत इंजिनाकडून मागील आसाकडे शक्ती नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्यांचा कोन बिघडतो, गाडी थरथरते आणि सांधे लवकर निकामी होतात. म्हणून चाकांचे कोन आणि दिव्यांचा झोत यांची तपासणी नेहमी उंची निश्चित केल्यानंतर करावी, आधी नव्हे.

दोष झाकू नये

सकाळी गाडी खाली बसलेली आढळली की मापनिश्चिती बिघडली असे लागलीच समजू नये. दुपारी ४० अंश तापमानाला हवा भरलेली गाडी पहाटे २० अंशांत उभी असेल, तर थंड झालेल्या हवेचे घनफळ सुमारे शेकडा ६.४ ने घटते. वरच्या उदाहरणातील स्प्रिंगेत १२ लिटर हवा आणि ४०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, म्हणजे ३०० मिलिमीटर उंचीचा हवेचा स्तंभ होता. तो यामुळे सुमारे १९ मिलिमीटर खचतो. हा निसर्गनियम आहे, बिघाड नव्हे. इंजिन सुरू झाल्यावर यंत्रणा ही उणीव भरून काढते. चारही टोके सारखी खचण्याऐवजी एकच टोक खचले असेल, तर मात्र गळती शोधावी. नळ्यांचे सांधे आणि रबराच्या घड्या यांवर साबणाचे पाणी लावले की गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

वाकलेली जोडदांडी, झिजलेले रबरी सांधे, सैल झालेला संवेदक किंवा भेगाळलेली पिशवी यांपैकी कोणताही दोष असता आकडे बदलून गाडी सरळ उभी करता येते. पण ती दुरुस्ती नव्हे. आकड्यांनी झाकलेला दोष वाढतच जातो आणि अखेर रस्त्यावर उघड होतो. म्हणून आधी दोष दूर करावा, मग माप घ्यावे आणि ते पुढील तपासणीस उपयोगी पडावे यासाठी तारखेसह नोंदून ठेवावे.

सारांश, हवेच्या स्प्रिंगांवरील वाहन दिलेली उंची कसोशीने राखते; पण ती उंची योग्य आहे की नाही याचा निर्णय ते स्वतः करू शकत नाही. समतल जमीन, योग्य जागी धरलेली फीत, दोन्ही बाजूंनी घेतलेला पडताळा आणि चेसिसखाली पक्का आधार, एवढ्या गोष्टी पाळल्या म्हणजे यंत्राची आज्ञाधारकता उपयोगी पडते. त्यांपैकी एखादी टाळली, तर तेच यंत्र चूकही तितक्याच निष्ठेने राखत बसते.